कीड न लागलेले कागद

बाबांनी खोलीच्या किल्ल्या खतीजा मॅडमच्या हातात दिल्या तेव्हा त्या खुळखुळल्या. हल्ली बाबांच्या हातातलं सगळंच वाजतं. कपबशी, चमचा, वर्तमानपत्रसुद्धा.

बाबा, म्हणजे डॉ. चारुदत्त खांबेटे, बर दुबईतल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये फिजिशियन होते. आता निवृत्त झालेत. व्हिसा संपत आल्यामुळे शारजातला अल मजाजचा फ्लॅट सोडून पुण्याला जायचं होतं. सामान बांधून झालं होतं, फक्त मागची बेडरूम राहिली होती. तिच्यात जमिनीपासून छतापर्यंत वाळवलेल्या वनस्पती होत्या. प्रत्येक जाड कागदावर एक झाड शिवलेलं, खाली नाव, जागा, तारीख. इथे सुट्टी फक्त शुक्रवारी असायची त्या काळापासून बाबा दर शुक्रवारी वाळवंटात जाऊन ती गोळा करत आले होते. "झाडं इथली आहेत, इथेच राहिली पाहिजेत," हे त्यांचं ठरलेलं होतं. एका युनिव्हर्सिटीच्या हर्बेरियमने, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाने, संग्रह घ्यायची तयारी दाखवली होती. खतीजा मॅडम तिथल्या क्युरेटर. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, म्हणून त्यांच्याशी बोलणं माझ्याकडे होतं.

हे सगळं सुरू झालं जोसाया व्हेलमुळे. बाबांना जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं मुखपृष्ठ नसलेलं चरित्र मिळालं होतं. दोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन डॉक्टर. खोगिराच्या एका बाजूला औषधांची पिशवी, दुसऱ्या बाजूला झाडं दाबायच्या फळ्या. तापाच्या रुग्णाला तो पाऱ्याची पांढरी पूड द्यायचा, कारण तेव्हाचे सगळेच डॉक्टर तेच द्यायचे. रुग्ण मरायचे. त्याची स्वतःची दोन मुलंही त्याच औषधावर गेली. त्याने वाळवलेली झाडं मात्र अजून आहेत.

"माणसं वाचवता आली नाहीत बिचाऱ्याला," बाबा जेवताना सांगायचे, "पण झाडं वाचवली."

"जेवताना तरी त्या व्हेलला बाहेर बसव," आई म्हणायची.

म्हातारपणी व्हेलला स्वतःची सहीही करता येत नव्हती. चरित्रात कारण दिलं होतं: वार्धक्य. बाबांनी स्वतःच्या हातांचं निदान स्वतःच केलं होतं: पार्किन्सन्स. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं नाव काढलं की चिडायचे. चिडणंही अलीकडचंच.

खतीजा मॅडमचे आईवडील हैदराबादचे, त्या स्वतः शारजात वाढलेल्या. त्यांनी पिशवीतून हेअर ड्रायरसारखं दिसणारं एक यंत्र काढलं. कागदावर धरलं की त्यात कोणते धातू आहेत ते पडद्यावर दिसतं.

"रूटीन है, डॉक्टरसाब. बहुत पुराने कलेक्शन में कभी कभी मर्क्युरी निकलता है. आपका तो नया है."

"निकलेगा," बाबा शांतपणे म्हणाले. "मैंने ही लगाया है."

मला वाटलं ते गंमत करताहेत. मग पडद्यावर आकडा आला. दुसऱ्या कागदावर आला. तिसऱ्यावर आणखी मोठा.

बाबांचा पहिला संग्रह बारीक भुंग्यांनी पोखरून टाकला होता. डांबरगोळ्या चालल्या नाहीत. व्हेलच्या चरित्रात मात्र कृती होती: मर्क्युरिक क्लोराइड अल्कोहोलमध्ये विरघळवायचं आणि ब्रशने झाडावर फिरवायचं. क्लिनिकच्या लॅबमध्ये पूर्वी टिश्यू टिकवायला तेच वापरत. लॅबने ते बंद केलं तेव्हा उरलेल्या बाटल्या बाबांनी घरी आणल्या. ते विष आहे हे त्यांना माहीत होतं. काम करताना ते हातमोजे घालायचे, बाटल्यांना कुलूप असायचं. कागद वाळला की धोका संपला, असं ते धरून चालले. तो संपत नाही. कागदातला पारा वर्षानुवर्षं थोडा थोडा वाफ होऊन बाहेर येत राहतो. एसीसाठी ती खोली कायम बंद असायची.

आणि बाबा तिथेच झोपायचे. ते घोरतात म्हणून आईनेच त्यांना तिकडे पाठवलं होतं. "जा माझ्या त्या सवतींकडे," असं हसत म्हणून.

आई दारात उभी होती. तिने खतीजा मॅडमना विचारलं, "मतलब, हवा में भी?"

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. मग बाबांकडे वळल्या. "डॉक्टरसाब, मैं नहीं ले सकती. स्टुडंट्स बैठते हैं वहाँ. नई बिल्डिंग है, अलग कमरा कोई नहीं देगा."

"एकदा बघा तर," बाबा हिंदी विसरून म्हणाले. त्यांनी गाफची फांदी असलेला कागद पुढे केला. गाफ म्हणजे आपली शमी. "एक पान गळलेलं नाही. जिथून आणली तिथे आता व्हिला आहेत. हे झाड तिथे होतं, याला दुसरा पुरावा नाही."

मॅडमना मराठी येत नव्हती, पण कळलं असावं. त्यांनी कागदाखालची जागा आणि तारीख वाचली. "फोटो ले लीजिए," त्या म्हणाल्या आणि आपल्याच बोलण्याने ओशाळल्या. फोटोतून बी काढता येत नाही, पेशी काढता येत नाहीत. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

मी बाबांना तपासणीला नेलं. या वेळी ते चिडले नाहीत. लघवीत पारा सापडला, भरपूर. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाल्या, थरथर आता वाढणार नाही कदाचित. गेलं ते परत येणार नाही. बाबांनी रिपोर्ट स्वतः वाचला, कागद थरथरत असल्यामुळे दोनदा. मग त्यांचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"अगं आभा, व्हेलचंही हेच! वार्धक्य नव्हतंच ते. कुणाच्या लक्षातच आलं नाही."

"हो बाबा."

"कुणाला तरी कळवायला हवं."

कुणाला, ते त्यांना सुचेना. त्यांनी रिपोर्टची घडी घातली. ती नीट बसत नव्हती, मी घालून दिली.

घातक कचरा नेणारी माणसं सकाळी आली. तोंडावर मास्क, हातात जाड मोजे, बरोबर झाकणाची निळी पिंपं. खोली रिकामी व्हायला फार वेळ लागला नाही. बाबा हॉलमध्ये बसून होते. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत तो गाफचा कागद होता. कधी आणून ठेवला, कळलंच नाही.

"एक राहू दे ना," आई म्हणाली. "काचेत बंद करून घेऊ. दसऱ्याला तरी..."

"नाही आई."

"यल्ला, चलिए मॅडम," मास्कमधून एक माणूस म्हणाला. "बंद करें?"

मी हात पुढे केला. बाबांनी पिशवी घट्ट धरली नव्हती, तरी त्यांच्या बोटांतून ती सुटायला वेळ लागला. मी ती आत नेऊन पिंपात सर्वांत वर ठेवली.

"कुठे कीड दिसली का गं?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"नाही बाबा. एकाही कागदाला नाही."

माणसाने झाकण दाबून बसवलं आणि वर पिवळी चिकटपट्टी ओढली.