धुराड्याभोवतीचा काथ्या

चिवडेवाल्या हंबीररावांनी आकाराम पत्रेवाल्याच्या डोक्यावर फेट्याचा शेवटचा पीळ दिला, तेव्हा त्याची नजर छपराकडे होती. कारागिराला फेटा बांधल्याशिवाय नवी भट्टी पेटवायची नाही, ही त्या घरची रीत. चिवड्याची भट्टी खरं तर सोमवारी पेटायची होती. पण शुक्रवार अंबाबाईचा, म्हणून हंबीररावांनी तो मुहूर्त अलीकडे ओढला आणि सकाळीच आकारामला बोलावणं धाडलं.

आकारामला मधले दोन दिवस हवे होते. भट्टीचं लोखंडी धुराडं माडीतून वर जाऊन कौलांबाहेर निघत होतं. त्याच्याभोवती चार बोटं मोकळी सोडायची, वर पत्र्याची झालर बसवायची आणि झालरीची आढ्याकडची कड कौलांखाली सारायची. मग पाणी आत येत नाही आणि वाशांना आच लागत नाही. हे त्याला झोपेतही जमलं असतं. पण महिन्यापूर्वी दुसऱ्या एका छपरावर पायाखालचं कौल फुटलं आणि तो वाशाला लोंबकळत राहिला होता. कुणी पाहिलं नाही, त्यानंही कुणाला सांगितलं नाही. छपराची भीती वाटते असं पत्रेवाल्यानं म्हणायचं, म्हणजे पैलवानानं आखाड्याला भ्यायचं!

त्यामुळे चार दिवसांपूर्वी कामाला चढला, तेव्हा धुराड्याच्या पलीकडे जायला त्याचे पाय धजलेच नाहीत. अलीकडूनच हात घालून त्यानं त्या मोकळ्या जागेत डांबरात भिजवलेला काथ्या ठासला, मोरीच्या नळाभोवती ठासतात तसा, आणि वरून पत्रा दाबून टाकला. काम दिसायला झकास. सोमवारच्या आत धीर करून नीट बसवू, असं ठरवून शहाणा खाली उतरला. धीर काय मंडईत मिळतो?

नारळ फुटला. भट्टीत कोळसा फुलला. लोकांनी पेढे वाटून घेतले. आकारामच्या हातातला पेढा तसाच राहिला.

माडीवर हंबीररावांची लेक अंबू बाळंतपणाला आली होती. चौदा दिवसांचं पोर कुशीत. तिनं वरून हाक दिली, "आबा, हितं डांबराचा वास येतोय वो!"

"नवं काम हाय, येनारच की!" हंबीरराव हसले.

आकारामनं वर माडीकडे पाहिलं. गप्प राहावं, वास जाईलही, असं क्षणभर त्याला वाटलं. त्या क्षणाची लाज त्याला पुढं जन्मभर वाटायची होती.

"मालक, भट्टी इझवा!" तो ओरडला. "बाळाला खाली आना! धुराड्याभवती काथ्या हाय. डांबराचा. म्याच ठासलाय."

हंबीररावांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल. गड्यांनी निखारे ओढून पाणी मारलं. अंबू पोराला छातीशी धरून जिना उतरली. हंबीररावांनी आकारामची मानगूट धरून त्याला शिडीकडे ढकललं.

"चढ! आनि काढ ते!"

आकाराम चढला. कौलांवर पालथा पडून, जीव मुठीत धरून तो सरकत गेला. पत्रा उचकटला तसा धूर नाकात शिरला. काथ्यातलं डांबर तापून बुडबुडत होतं, एका बाजूला काथ्या नुकता लाल होत होता. तापल्या धुराड्याला वळसा घालून हात पोचेना; पलीकडचा काढायला पलीकडेच जायला हवं होतं. तो गेला. कसा, ते त्याला कळलं नाही. बोटं भाजत त्यानं शेवटचा धागा उपसून अंगणात फेकला आणि आढ्याला मिठी मारली.

"झालं का?"

"झालं."

"मग उतर!"

अंग हलेना. खाली सगळी गल्ली जमली होती.

"मालक," त्याचा आवाज फुटला, "मला लई भ्या वाटतंय."

खाली कुणी हसलं नाही. हंबीररावांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि शिवी हासडत ते शिडी चढू लागले.

"ह्ये चार दिवसामागं बोलला असतास, तर तवाच आलो असतो की रं वर," ते म्हणाले आणि कौलांवरून सरकत येऊन त्यांनी त्याचा घोटा घट्ट धरला. "सोड आता. पाय ठेव हितं."