डावी बाही

या शहरातल्या चौदा शाळांचे युनिफॉर्म मी नुसता हात फिरवून ओळखते. चौथीनंतर मला कोणी शाळेत पाठवलं नाही, त्याचा सूड म्हणा हवं तर. एकेचाळीस वर्षं मशीन चालवते आहे. कुठला निळा कुठल्या शाळेचा, कुठल्या मुख्याध्यापिकेला पट्टा रुंद लागतो, कुठलं कापड दुसऱ्या धुण्याला विटतं, सगळं तोंडपाठ. आणि हे मी लोकांना सांगतेही. देवाने तोंड दिलंय ते काय दोरा तोडायला?

माझी नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी तिला ठकी म्हणते. मारहाण, छळ होणाऱ्या मुलांना सोडवून आणणारं एक ऑफिस आहे, तिथे तिला चार महिन्यांची इंटर्नशिप लागली. पगार विचारला तर नाही म्हणाली.

"मग आमच्यात याला उमेदवारी म्हणतात," मी म्हटलं. "सहा महिने नुसती काजं-बटणं करायची, तेव्हा कुठे कात्री हातात मिळते."

"तसंच आहे आजी. मला अजून फक्त मुलांजवळ बसायला सांगतात."

तिच्या ऑफिसचे नियम तिने मला सांगून ठेवले होते. मुलाचं नाव घरी आणायचं नाही. मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही. मुलाजवळ बसताना फोन टेबलाच्या खणात ठेवायचा. आणि एकच गोष्ट दोनदा विचारायची नाही. मी म्हटलं, मला तर तिथून पहिल्याच दिवशी हाकलतील. तेव्हा हसली होती.

तिसऱ्या आठवड्यापासून हसायची थांबली. घरात शिरताना जिन्यात मागे वळून बघायची. दाराला कडी लावायची आणि लावून पुन्हा हलवून बघायची.

"काय गं, कोण येणार आहे आपल्याकडे? लोकांच्या उसवलेल्या चड्ड्या चोरायला?"

"काही नाही आजी. सवय लागली."

सवय अशी एका आठवड्यात लागत नाही, हे मला कळत होतं. पण मी विचारलं नाही. तिचा नियम मोडायचा नाही असं मी मनाशी धरलं होतं, आणि बघा, मोडला तो मीच.

एका सोमवारी तिने कागदात गुंडाळलेलं कापड माझ्या मशीनवर ठेवलं. हिरवट चौकडा, मधून पिवळी रेघ. सोबत मापांची चिठ्ठी.

"एका मुलीला नव्या शाळेत घातलंय, तिथला शिंपी आठ दिवस म्हणतोय. तोवर पोरगी साध्या फ्रॉकमध्ये वर्गात एकटी वेगळी दिसते. ऑफिसातल्या मोठ्या बाईंना विचारून आणलंय. कोणाचं, कशाला, विचारायचं नाही."

"मी कशाला विचारू? पाण्याच्या टाकीजवळच्या शाळेचं आहे, आंधळीलाही कळेल."

ठकीचा चेहरा उतरला. "तेही बोलायचं नाही आजी. कोणाजवळच नाही."

"बरं बाई."

"आणि डावी बाही सैल ठेव. हात नुकताच प्लास्टरमधून निघालाय, वर पट्टी असते."

"मोडला कसा?"

तिने मापांची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. मला जे कळायचं ते कळलं. खांदा साडेदहा इंच. सात वर्षांची असावी. मी आत दोन बोटं माया ठेवून कापड बेतलं, म्हणजे वाढली तर उसवून मोठं करता येईल.

बुधवारी सकाळी फ्रॉक जवळजवळ झाला होता. कॉलर आणि काजं तेवढी राहिली होती. खिडकीच्या दांड्याला हँगरवर लावून मी लांबून बघत होते, तेवढ्यात तो आला.

चपला बाहेर काढून आला. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, आवाज असा मऊ की दोनदा ऐकावासा वाटावा. हातात पिशवीत पॅन्ट.

"आजी, उंची कमी करायची होती. घाई नाही."

आवडला मला. खोटं कशाला सांगू. हल्ली मुलं दारातूनच कपडे फेकतात. मी बसायला स्टूल दिलं. तो बसला आणि इकडेतिकडे बघू लागला.

"शाळेचंही काम घेता?"

"घेते म्हणजे? चौदा शाळांचं कापड ओळखते मी. विचारा कुठलंही."

"हा चौकडा?" त्याने हँगरकडे बोट केलं. हसत होता, जणू माझी परीक्षा घेतोय.

आणि मी परीक्षेला बसले. एकेचाळीस वर्षं कोणी घेतली नव्हती ना.

"टाकीजवळची शाळा. पिवळी रेघ फक्त त्यांचीच. खालचे वर्ग साडेबाराला सुटतात, वरचे पाचला. माझ्या नातीच्या ऑफिसकडून आलंय काम. मोठं काम करते नात माझी."

"हो का," तो म्हणाला. उठला, फ्रॉकजवळ गेला आणि डाव्या बाहीवरून एक बोट फिरवलं. अगदी हळू. "इथे जागा ठेवलीत. बरं केलंत. दोनदा मोडलेला हात लवकर वळत नाही."

कॉलर टाचायला मी नुकत्याच टाचण्या तोंडात धरल्या होत्या. मी नुसतं "हं" केलं. तो चपला घालून जिना उतरला.

टाचण्या काढून मी डबीत ठेवल्या आणि मग हात थांबला. दोनदा? ठकीने मला एकदाही काही सांगितलं नव्हतं.

पॅन्ट उलटी केली. खाली दुमड आधीच घातलेली होती, हाताने, बारीक टाक्यांनी. कुठल्या तरी बाईने मन लावून घातलेली. उंची त्याच्या उंचीला बरोबर होती. कमी करायला काही नव्हतंच.

घड्याळात बाराला दहा कमी. साडेबाराला चाळीस मिनिटं. 

ठकीला फोन लावला. वाजत राहिला. खणात वाजत असणार. मग भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा ऑफिसचा नंबर लावला. एका बाईने उचलला.

"आम्ही कोणाबद्दल माहिती देत नाही," तिने मी तोंड उघडताच सांगितलं.

"मला नकोय माहिती. मला द्यायची आहे. टाकीजवळच्या शाळेतली मुलगी, डावा हात मोडलेली. बाप असावा, तो तिकडे निघालाय."

"नाव सांगा मुलीचं."

"तुम्हीच नाव घरी पाठवत नाही, मी कुठून सांगू? डावी बाही सैल ठेवायची ती मुलगी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "त्याला शाळा कोणी सांगितली?"

ठकीचं नाव त्यात येणार हे मला त्या क्षणी दिसत होतं. दुसरं काही सांगता आलं असतं. जीभ माझी, कधी अडली नव्हती.

"मी सांगितली," म्हटलं. "तुमच्या त्या उमेदवार मुलीच्या आजीने. तिने मला बजावलं होतं. सुटायची वेळही मीच सांगितली."

"दार लावून घ्या आणि घरात थांबा," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

घरात थांबणारी असते तर हे झालंच नसतं. गळ्यात टेप तशीच, पॅन्ट हातावर टाकली आणि रिक्षा केली.

बारा वीसला गेटसमोर उतरले. आया उभ्या होत्या, दोन-चार आजोबा होते, आणि भिंतीच्या सावलीत तो. हातात लहान मुलीची पाण्याची बाटली. झाकण दातांनी चावून चावून पांढरं पडलेलं. वापरातली बाटली होती ती.

मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अहो, माप न देताच निघालात. पॅन्ट काय अंदाजाने कापू?"

त्याने माझ्याकडे बघितलं. हसू तसंच होतं, डोळे तेवढे हलायचे थांबले. "नंतर देतो आजी."

"नंतर मी मेले तर? पाय सरळ ठेवा."

गुडघे माझे कामातून गेलेत, तरी मी तिथे, रस्त्यावर, त्याच्या पायाशी बसले. टेप त्याच्या घोट्याभोवती घेतली आणि मुठीत आवळली. आया हसायला लागल्या. एक म्हणाली, "शिंपीण असावी तर अशी." सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे आलं, तेच मला हवं होतं.

तो खाली वाकला. त्याचा श्वास माझ्या कानाला लागला.

"पाय सोडा आजी."

"इंच मोजतेय."

"सोडा."

आवाज वाढला नव्हता. म्हणूनच मी मूठ आणखी आवळली. घंटा झाली आणि पोरं धावत बाहेर आली. मी खालून नुसते फ्रॉक बघत होते. हिरवट चौकडा, हिरवट चौकडा, पिवळी रेघ. मी त्या मुलीला कधी पाहिलं नव्हतं. साडेदहा इंचाचा खांदा, एवढीच आमची ओळख.

मग शाळेच्या दारात, अगदी मागे, एक गुलाबी साधा फ्रॉक दिसला. कोणा बाईंचा हात त्या खांद्यावर आला आणि फ्रॉक आत ओढला गेला. दार लागलं. तेवढ्यात रखवालदाराने गेटही लोटून घेतलं.

त्यालाही ते दिसलं. त्याने पाय असा झटकला की टेप माझा तळवा सोलत निघाली. पण तो धावला नाही. ओरडला नाही. वाकून बाटली माझ्या मांडीवर ठेवली.

"ही तिला द्या. आणि नातीला सांगा, ऑफिसातून घरी यायला ती लांबची वाट घेते. बाजारातून यावं, जवळ पडतं."

ऑफिसची गाडी पोचली तेव्हा तो कोपऱ्यावरून वळला होता. चालत.

माझा जबाब मोठ्या बाईंनी स्वतः लिहून घेतला. मी बोलले तेच लिहिलं, पदरचं काही घातलं नाही. एकच गोष्ट दोनदा विचारली नाही. मी मात्र तीनदा सांगितलं, की चूक माझी, पोरीची नाही. मुलगी तिच्या मावशीकडे राहत होती, तिथून तिला त्याच दिवशी हलवलं, शाळा बदलली. ठकीला तीन आठवडे घरी बसवलं, पण काढलं नाही. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं, भांडण मला येतं. ती नुसतं म्हणाली, "आजी, तू पाय धरून ठेवलास?" आणि माझ्या हाताला मलम लावत बसली.

तो बापच निघाला. पोलिसांनी दोन दिवसांनी धरलं. सहाव्या दिवशी जामीन झाला.

चौकड्याचा फ्रॉक मी उसवून ठेवला. महिन्याभराने ठकीने पुन्हा एक पुडकं मशीनवर ठेवलं. सोबत चिठ्ठी, खांदा साडेदहा इंच.  कागदावरूनच हात फिरवला आणि कळलं, कुठल्या शाळेचं. डावी बाही तिने न सांगताच मी सैल कापली.

दुसऱ्या दिवशी शेजारची परकर घेऊन आली. कापडाकडे बघून म्हणाली, "हा रंग कुठल्या शाळेचा हो? तुम्हाला तर सगळं पाठ."

"मला काय माहीत," मी म्हटलं. "चौथी शिकलेली बाई मी."

माझं वय झालं असं समजून ती गेली. जाऊ दे.

ती पॅन्ट अजून खुंटीला आहे. गिऱ्हाइकाचा कपडा मी टाकत नाही, आणि तो म्हणाला होता, घाई नाही. ठकीला आणायला रोज पाच वाजता ऑफिसच्या दाराशी जाते, रोज वेगळ्या वाटेने येतो. दिवसाही दाराला कडी असते. लावते, आणि लावून पुन्हा हलवून बघते.