आक्काची जागा

आक्का दुरुस्तीला गेली आणि तिची माणसं पायी चालू लागली. आक्का म्हणजे तोफ. ती नाही तर काम नाही, म्हणून हवालदार आणि त्याच्या पाच जणांना बंदुका देऊन पायदळात धाडलं. पायदळवाल्यांनी त्यांचं लगेच नाव पाडलं: पायतोफे.

"तोफ गेली, पाय तेवढे उरले," पायदळाचा सुभेदार हसला. "पण माणसं कामाची दिसतायत. आजची गस्त नीट झाली की तुम्ही कायमचे माझे. आक्काला मिळतील दुसरी कुणी."

हवालदाराच्या पोटात गोळा आला. तोफखान्यातला माणूस, त्यामुळे गोळा बराच मोठा होता.

सकाळी धुकं असं, की आपलेच बूट दुसऱ्या कुणाचे वाटावेत. सहाही जण मधे ऐसपैस जागा सोडून चालले होते.

"ही पोकळी कसली?" सुभेदार कुजबुजला.

"आक्काची जागा, साहेब."

"अरे, पण आक्का नाहीये ना!"

"म्हणून तर मोकळी आहे."

सुभेदाराने डोळे बारीक करून पाहिलं. ती जागा धुक्यातून खरंच पुढे सरकत होती. वळणावर चाकं कुरकुरल्यासारखीही वाटली.

पुलापाशी समोर सावल्या उभ्या राहिल्या. शत्रू. "फायर!" सुभेदार ओरडला. समोरूनही कुणीतरी तसंच ओरडलं.

सहाही जणांनी बंदुका खाली टाकल्या, कानांवर हात दाबले आणि तोंडं उघडली. तोफ उडताना तसंच करायचं, नाहीतर कानाचे पडदे जातात. सवय ती सवय.

संपलं, हवालदाराला वाटलं. पण गोळी येईना. त्याने एक डोळा उघडला. समोरचेही कान झाकून, आ वासून उभे होते. त्यांच्याही मधे ऐसपैस मोकळी जागा होती.

दोन्हीकडचे लोक न होणाऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. मधून धुकं निवांत वाहत होतं. सुभेदाराच्या हातात बंदूक होती, पण एकट्यानेच सुरुवात करणं त्याला बरं दिसेना. अखेर पलीकडच्या एका मिशाळ माणसाने हात खाली घेतले, मान हलवली, आणि ते सगळे आपली जागा सांभाळत हळूच मागे वळले.

"बंदुका उचला," सुभेदार थकून म्हणाला. "पायदळाच्या काही कामाचे नाही तुम्ही. जा, आक्काकडेच मरा!"

इतकं गोड हवालदाराशी कुणी बोललं नव्हतं. बायकोसुद्धा.

आक्का परत आली, त्यानंतर एका दुपारी पलीकडून गोळा आला आणि लांब, रिकाम्या चिखलात पडला. हवालदाराने कानांवरचे हात काढले.

"त्यांचीही आली वाटतं," तो म्हणाला, आणि त्याने आक्काचं तोंड जरा पलीकडच्या चिखलाकडे वळवलं.