थोरल्या विहिरीची बाटली

"मला दारूचं दुकान बघायचंय," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि कुलदीपच्या तोंडाकडे निघालेला पोह्यांचा चमचा वाटेतच थांबला.

थांबेल नाही तर काय! श्रावण संपायला चार दिवस राहिलेले, घरात पोहेसुद्धा बिनकांद्याचे, आणि एकसष्ट वर्षांची आई गावाहून खारघरला येऊन दोन दिवस होत नाहीत तोवर शनिवारी सकाळी असलं काहीतरी मागते. बरं, मागणारी कोण? तर जिनं नवऱ्याला उभ्या जन्मात घरात तंबाखू मळू दिली नाही, ती.

"आई, श्रावणात?" कुलदीप म्हणाला.

"मग? बघायचंय म्हटलं. प्यायचीय म्हटलं का मी?"

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. सत्यभामाबाई तासगावकडच्या एका गावात बाबासोंच्या वायनरीत कामाला होत्या. वायनरी म्हणजे काही फार मोठा कारखाना नव्हे. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, आत स्टीलच्या सहा टाक्या, आणि बाटल्या धुणाऱ्या, भरणाऱ्या, लेबलं लावणाऱ्या अकरा बायका. वाईनचं नाव 'थोरली विहीर'. लेबलावर विहिरीचं चित्र. नवरा गेल्यापासून आठ वर्षं सत्यभामाबाई लेबलं लावत होत्या. वाईनचा थेंब कधी जिभेला लावला नव्हता, पण बोलताना कायम 'आमची वाईन'. जसं काही टाक्या माहेरून आणल्या होत्या!

पंधरा दिवसांपूर्वी बाबासोंनी सगळ्या बायकांना समोर बसवून सांगितलं, "वाशीचा व्यापारी म्हणतो, माल उठत नाही. गणपतीपर्यंत वाट बघतो. नाही उठला तर जानेवारीला द्राक्षं घ्यायची नाहीत. शेड बेदाणावाल्याला भाड्यानं देतो आणि मोकळा होतो."

हे कुलदीपच्या कानावर गेलं आणि त्याला मनातून बरंच वाटलं. त्यानं फोनवर आईकडून शब्दच घेतला. वायनरी बंद झाली तर दिवाळीच्या आत खारघरला यायचं, कायमचं. पोरगा वाईट नव्हता हो. महाप्याच्या ऑफिसात दिवसभर बसून याला आई गावात एकटी आहे ही काळजी खात असे. त्यानं तर बेडरूमच्या कपाटाचे दोन खणही रिकामे करून ठेवले होते.

त्या दोन खणांकडे बघायचंच सत्यभामाबाई टाळत. गावात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, हातात स्वतःची कमाई होती, आणि दिवसभर तोंडाला तोंड द्यायला दहा बायका होत्या. इथं चौदावा मजला. पोरगा आणि सून आठ वाजता बाहेर पडले की दार बंद. मग टीव्ही बघायचा आणि खालून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. दोनच दिवसांत त्यांचा जीव नुसता नकोसा झाला होता. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, हीच तर पंचाईत होती.

"त्या वाशीवाल्याचं मला खरं वाटत न्हाई," त्या म्हणाल्या. "दुकानात आमची बाटली हाय का न्हाई, ते माझ्या डोळ्यांनी बघणार. नसली तर नसली. मग मी हूं का चूं करायची न्हाई."

"पण मला आज ऑफिसला जायचंय, आणि खारघरात असलं दुकान..."

"नाहीच मिळणार ती कुठं," सून राजनंदिनी चहा गाळता गाळता बोलून गेली. "दोन महिने झाले, सीवूड्सला जाते तेव्हा विचारते, कधी शिल्लकच नसते."

चहा गाळण्यातून थेंब थेंब पडत राहिला. सुनेचे कान लाल झाले. कुलदीपनं डिशमध्ये डोकं खुपसलं.

"म्हंजे तू घेतीस?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"कधीतरी. मैत्रिणी आल्या की. आम्हाला दुसरी नाही आवडत आई, तीच आवडते."

सासूबाईंनी सुनेकडे नीट बघून घेतलं. ओरडायचं की काय करायचं, हे त्यांचं त्यांनाच कळेना. "आमचीच घेतीस ना? मग ठीक हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "ऊठ, चपला घाल. तूच चल माझ्याबरोबर."

पहिलं दुकान बेलापूरला. सत्यभामाबाईंनी पायरी दिसताच सवयीनं चपला काढल्या, सुनेनं दंडाला धरून परत घालायला लावल्या. काउंटरवरचे दोन पुरुष नऊवारीतल्या बाईला बघून आपोआप बाजूला सरले. "थोरली विहीर हाय का?" असं त्यांनी ठणकावून विचारलं आणि दुकानदारानं शिडी लावून वरच्या कोपऱ्यातून एक बाटली काढली.

सत्यभामाबाईंचा चेहरा आधी खुलला आणि मग उतरला. बाटलीवर बोटभर धूळ. त्यांनी पदरानं पुसली, तर खालून निळी विहीर निघाली. निळं लेबल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे ही बाटली दोन वर्षं इथंच बसून होती. लग्न न जमलेल्या पोरीसारखी.

"घ्या मावशी, कमी करून देतो," दुकानदार म्हणाला. त्यांना ते फार लागलं. बाटली काउंटरवर ठेवून त्या बाहेर आल्या.

नेरूळच्या दुकानात तर बाटलीही नव्हती. "ती कंपनी बंद झाली बहुतेक," तिथला माणूस मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला. त्यातलं 'बहुतेक' सत्यभामाबाईंना ऐकूच आलं नाही.

गाडीत बसल्या. राजनंदिनीनं एसी वाढवला. सत्यभामाबाई पुढचं मनात मांडायला लागल्या. कोंबड्या शेजारच्या बाळाबाईला द्यायच्या. दाराला कुलूप. मग घर पडीक होणार, पावसात भिंत खचणार, आणि आपण इथं चौदाव्या मजल्यावर. रडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तरी डोळे भरलेच.

"माझी पत्र्याची पेटी मावंल का गं त्या कपाटात?" त्यांनी विचारलं.

"मावेल की, आई! का नाही मावणार?" राजनंदिनी म्हणाली, जरा जास्तच आनंदानं. पुढच्या सिग्नलला ती म्हणाली, "आता एवढं आलोय तर सीवूड्सचं पण बघूया. माझं नेहमीचं आहे."

"कशाला? बघितलं की सगळं."

"पाच मिनिटं, आई."

करावे गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावरचं ते दुकान. काउंटरवर सुधीर होता, करावे गावचाच. राजनंदिनीला बघून त्यानं लांबूनच हात हलवला. "नाय मॅडम, संपली. सोमवारी आली, गुरुवारी साफ."

"संपली म्हणजे?" सत्यभामाबाई पुढे झाल्या.

"संपली म्हंजे इकली, मावशी. काय पानी हाय का ते, आटायला?"

सत्यभामाबाईंचा विश्वास बसेना. आयुष्यभर त्यांनी दुकानदार पाहिले होते. नसलेला माल 'कालच संपला' म्हणून सांगतात, त्यात काय मोठंसं! "मला थापा मारू नको बाबा," त्या म्हणाल्या. "मी तिथं कामाला हाय. ते लेबल माझ्या हातचं अस्तंय. खरं सांग, येतो का माल तुझ्याकडं?"

सुधीरनं आजूबाजूला बघून घेतलं. मग काउंटरखाली वाकला. "एकच बाटली ठेवलीय, एका कस्टमरची हाय. देनार नाय, नुसती बघा."

बाटली हातात आली. सत्यभामाबाईंनी चष्मा पुसला. हिरवी विहीर, म्हणजे नवीन लेबल. त्यांनी लेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या तोंडातून मोठ्यानं निघालं, "आई गं! ही तर पंचमीची!"

लेबलाची उजवी कड वेडीवाकडी होती, फाटकी.

झालं होतं असं. लेबलं सांगलीहून छापून येत, एका कागदावर चार. बायका ती कात्रीनं कापून बाटल्यांना लावत. नेमकी नागपंचमी आली आणि दुसऱ्या दिवशी वाशीला गाडी जायची होती. आता नागपंचमीला कोण कात्री धरतं? त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही. बाबासो हातापाया पडले, चिडले, सरकारी परवान्याची भीती घालून बघितली. अकरा बायकांनी मिळून कात्र्या टेबलाच्या खणात टाकल्या आणि खण लावून घेतला. शेवटी सत्यभामाबाईंनीच युक्ती काढली. कागद दुमडायचा, घडीवर ओलं बोट फिरवायचं, स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि टरकावायचा. कापलं तर नाही ना? मग झालं! सगळी लेबलं कडेला फाटकी झाली. बाबासोंनी डोकं धरलं. "काकू, मुंबईत कुत्रं विचारणार नाही हो या बाटलीला!"

आणि ती पंचमीची बाटली इथं होती. एकवीस दिवसांत तासगावहून निघून, वाशीच्या गोदामातून सुटून, सीवूड्सला येऊन, विकून संपलेली. तीही श्रावणात!

"लोक हीच मागतात," सुधीर म्हणाला. "कडा बघतात, म्हनतात हँडमेड हाय. मी त्या वाशीवाल्याकडं दहा पेट्या मागतो, तो दोन देतो. वर बोलतो, कंपनीकडंच माल नाय."

"काय म्हनतो?"

"कंपनीकडं माल नाय म्हनतो."

"अरे मेल्या!" सत्यभामाबाई ओरडल्या. हे सुधीरला नव्हतं, वाशीवाल्याला होतं, पण सुधीर दचकून मागं सरकला. "तिकडं सांगतो माल उठत न्हाई, हिकडं सांगतो माल न्हाई! आळशी कुठला! पेट्या हलवायचा कंटाळा! पोरी, लाव फोन बाबासोला."

फोन लागला. सत्यभामाबाईंनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही, कसे आहात, पाऊस कसा, काही नाही. "बाबासो, मी दारूच्या दुकानातून बोलतीया," असं म्हणून त्यांनी सुरुवातच केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मग फोन सुधीरच्या हातात दिला. सुधीर बोलत होता, "दहा तर मलाच लागतील, साहेब... हां, नेरूळवाल्याला पन मी सांगतो..." आणि सत्यभामाबाई काउंटरची कड घट्ट धरून उभ्या होत्या.

फोन परत त्यांच्याकडे आला.

"अहो, हाय का न्हाई?"

"आहे काकू," बाबासो म्हणाले. "मी काल बेदाणावाल्याला बोलावलं होतं. गणपतीची वाट न बघता सोमवारीच सही करणार होतो."

"आता?"

"आता कशाची सही? वाशीवाल्याला सोडतो, माझी गाडी पाठवतो मी. द्राक्षं घ्यायची जानेवारीला." मग म्हणाले, "आणि ती लेबलं... कात्र्या त्या खणातच राहू देत म्हणतो."

सत्यभामाबाई दुकानाच्या पायरीवरच बसल्या. एक गिऱ्हाईक त्यांना वळसा घालून आत गेलं. राजनंदिनीनं सुधीरकडून पाण्याची बाटली घेतली आणि सासूशेजारी पायरीवर बसली. पाणी पिऊन सत्यभामाबाईंनी सुनेकडे बघितलं. सून गालातल्या गालात हसत होती. तिनंही पाठ भिंतीला टेकवून मोठ्ठा श्वास सोडला होता.

"सुटलीस न्हवं?" सत्यभामाबाई म्हणाल्या.

"अं? मी कशाला... म्हणजे, तसं नाही हो आई! तुम्ही आला असतात तर मला..."

"खोटं बोलू नको. श्रावण हाय."

राजनंदिनीचे कान परत लाल झाले. खालमानेनं म्हणाली, "थोडीशी."

"थोडीशी काय, चांगली सुटलीस! आगं, मीच रात्रभर देवाला सांगत हुते, बारा महिने त्या पोरीच्या घरात नको रं बाबा. ती भांडी कशी लावती, मला बघवत न्हाई."

"आणि तुम्ही सारखे पंखे बंद करत फिरता ते?" राजनंदिनी म्हणाली, आणि दोघींना जे हसू फुटलं ते आवरेचना. सत्यभामाबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या, सून त्यांच्या गुडघ्यावर हात मारत हसत होती. सुधीर बाहेर येऊन बघून गेला, या दोघींनी बाटली उघडली की काय म्हणून.

हसणं ओसरल्यावर राजनंदिनी उठली, सासूला हात देऊन उठवलं. "मग आता कधीचं तिकीट काढायचं? उद्याचं?"

"उद्याचं कशाला? गणपती हायत, गौरी हायत. तुला एकटीला मोदक यायचे न्हाईत."

"अहो, पण तुम्हालाच करमत नाही ना इथं?"

"आता जायचं नक्की झालंय," सत्यभामाबाई गाडीचं दार उघडत म्हणाल्या, "आता ऱ्हायला काय हुतंय मला?"