हललात तरच वाजेल

जयवंता या तरुणीनं सहा महिने नोकरी सांभाळून ते यंत्र तयार केलं होतं. कॅमेऱ्यासमोर माणूस हलला की संगणक त्या हालचालीचं संगीत करायचा. हात वर गेला की चढा सूर, खाली आला की खर्ज. हलणं थांबलं की आवाज बंद.

आज जामबागच्या मराठी मंडळात ते पहिल्यांदा मांडलं, तर लोक यायचे, कपडे सावरायचे आणि कॅमेऱ्यासमोर पुतळ्यासारखे उभे राहायचे. तिची आई सुशीलाबाई सगळ्यात आधी.

"आई, हल ना!"

"फोटो बिघडेल की गं."

"फोटो नाहीये हा!"

"मग कॅमेरा काइकू लावलास?"

म्हातारे अप्पाराव पाच मिनिटं ताठ उभे राहिले आणि "बंद पडलंय" असा निकाल देऊन चहाला गेले.

त्यात मंडळाचे चिटणीस हिम्मतराव. इथे तेलंगणा हे वेगळं राज्य होऊन बाराच दिवस झालेले. उद्घाटनाला बोलावलेले सरकारी साहेब वाटणीत आंध्राकडे गेलेले, आणि कापडी फलकावर अजून जुन्याच राज्याचं नाव. त्यावर कागद चिकटवून हिम्मतराव तो फलक वाळायला नेमका कॅमेऱ्यापुढे टांगायचे. जयवंतानं दोनदा बाजूला केला. तिसऱ्यांदा मात्र तिनं तो हिसकूनच काढला.

"काका, किती वेळा सांगू?" तिनं दोन्ही हात डोक्यावर नेले.

सभागृहात सूर उसळले. संतापात तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

"माझ्यावर काय ओरडतेस?" हिम्मतरावांनी हात झटकले. खालचे सूर घुमले. "राज्य मी तोडलं का? नवा पाहुणा कुठून आणू?"

"पाहुणा नक्को मला! कॅमेरा मोकळा ठेवा!"

चहाचा कप घेऊन अप्पाराव धावत आले. "चालू झालं! चालू झालं!"

जयवंता चपापून थांबली. संगीतही थांबलं.

"थांबलीस का?" अप्पाराव म्हणाले.

"मी भांडत होते, आजोबा."

"हौ. मग भांड की."

तेवढ्यात सुशीलाबाईंनी पदर खोचला आणि त्या हिम्मतरावांपुढे येऊन उभ्या राहिल्या. "मागल्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी हॉल का दिला नाहीत, ते सांगा आधी!" त्यांचा हात वर गेला, तसा असा लांबलचक सूर निघाला की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग रांगच लागली. प्रत्येकाकडे हिम्मतरावांसाठी काहीतरी होतंच. जयवंता खुर्चीवर बसून पाहत राहिली. यंत्र कसं चालतं, हे संध्याकाळपर्यंत तिला एकानंही विचारलं नाही.