रिकाम्या खुर्चीचा होकार

मित्रांनो, मी एक जुनं, लांबलचक टेबल आहे. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, जाड पडद्यांच्या खोलीत माझं सगळं आयुष्य गेलं. घाबरू नका, या, टेकून बसा. फक्त माझ्यावर बोटाने टकटक करू नका. का, तेच सांगण्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

कारखान्यामागच्या ओढ्याकाठी एक झाड होतं, ते म्हणजे माझं बालपण. तेव्हा ओढ्याचं पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे दिसायचे. सुताराने मला तासलं, घासलं आणि असं चकचकीत केलं की संचालक मंडळी माझ्यात बघून भांग नीट करायची. काय सांगू माझा रुबाब!

संचालक म्हणजे कोण, तर थोरले साहेब, त्यांचा मुलगा धाकटे साहेब, मुलाचा मावसभाऊ, मेहुणा आणि शाळेतला बाकमित्र. सगळ्यांचा शिंपी एक. खोकलेसुद्धा सारखे. ते वाकले की माझ्या पॉलिशमध्ये पाच चेहरे दिसायचे नाहीत. एकच रुंद चेहरा दिसायचा. मला तो कधीच आवडला नाही.

त्यांची एक रीत होती. होकार तोंडाने द्यायचा नाही, बोटाच्या पेराने माझ्यावर एक टक द्यायची. पहिली टक थोरल्या साहेबांची, मागोमाग बाकीच्यांची.

मग थोरले साहेब वारले. खिडकीजवळची त्यांची खुर्ची रिकामीच ठेवली. पुढच्या बैठकीत धाकट्या साहेबांनी विचारलं, "मंजूर?" आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोरून आवाज आला. टक.

सगळे गारठले.

"लाकूड वाळतंय," मावसभाऊ ओठ चाटत म्हणाला.

"हो, लाकूडच," मेहुण्याने री ओढली.

मित्रांनो, लाकूड तर मीच आहे. तो आवाज माझा नव्हता.

पण माणसाला कशाचीही सवय होते. पुढे पुढे तर धाकटे साहेब हसून म्हणायचे, "चला, बाबांचाही होकार आला," आणि ठराव सर्वानुमते व्हायचा. पर्यावरण अहवालात दरवर्षी तेच वाक्य जायचं, की खालच्या वस्तीकडे जाणारा ओढा स्वच्छ आहे. आधी ती एक टक, मग बाकीच्यांच्या. ओढ्यावर कुणी गेलेलं मला आठवत नाही.

शेवटी भागधारकांनी तगादा लावला, की घरच्यांखेरीज कुणाला तरी घ्या. म्हणून डॉक्टरीणबाई आल्या. मुलांच्या डॉक्टर, दवाखाना वस्तीच्या तोंडाशी. जागा एकच मोकळी होती, तीच त्यांना मिळाली.

"बाई, इथे कुणी आजारी नाही हं," मेहुणा म्हणाला.

"सगळे एकसारखे खोकताय, म्हणून शंका आली," बाई म्हणाल्या.

माझ्या पॉलिशमध्ये पहिल्यांदाच दुसरा चेहरा दिसला.

अहवालाचा विषय निघाला. बाईंनी विचारलं, "हा ओढा शेवटचा कुणी पाहिला?"

"दरवर्षी हेच वाक्य असतं, ताई," बाकमित्र म्हणाला.

"वाक्य स्वच्छच आहे. मी ओढ्याचं विचारतेय. वस्तीतल्या पोरांची कातडी कोपरापर्यंत सोलवटलीय. ओढ्यात हात बुडतात ना, बरोबर तिथपर्यंत. हे वाक्य छापून गेलं, तर पाणी तपासायला कुणी येणारच नाही. पोरं तेच पाणी वापरत राहतील."

धाकट्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मंजूर?"

टक. मागोमाग बाकीच्यांच्या.

"सर्वानुमते."

"माझे हात मांडीवर आहेत," बाई म्हणाल्या.

"तुमच्या जागेवरून आवाज तर आला."

"आला. मीही ऐकला." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. तरी त्यांनी दोन्ही तळहात नेमके त्या जागी दाबून ठेवले. "आता पुन्हा विचारा."

"मंजूर?"

माझ्या आतून काहीतरी वर धडकलं. पुन्हा धडकलं. त्या हातांच्या शिरा ताठल्या, पण हात उचलले नाहीत. आवाज बाहेर पडलाच नाही. आणि गंमत बघा, चारही मुठी हवेत तशाच राहिल्या. पहिली टक ऐकल्याशिवाय कुणाला सुरुवातच करता येईना. इतकी वर्षं ते कुणाच्या मागे जात होते, ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

मावसभावाने मूठ उघडली. "मी येतो तुमच्याबरोबर, ताई. ओढा बघायला. तो सुरू कुठे होतो, तेही मला माहीत नाही."

त्या वर्षीच्या अहवालात छापून आलं, की आमच्या सांडपाण्याच्या तळ्याची भिंत झिरपते आणि ते पाणी ओढ्यात जातं. तपासणीवाले आले. वस्तीला दुसरं पाणी मिळालं. माझ्याभोवती आणखी नव्या खुर्च्या आल्या, त्यांत वस्तीतल्या एक शिक्षिकाबाई बसतात. आता बैठका लांबतात, भांडणं होतात, चहा माझ्यावर सांडतो. माझं पॉलिश पार गेलंय, कुणी पुसतही नाही धड. चालेल मला.

फक्त बाईंच्या तळहातांचे दोन ठसे जात नाहीत. सगळे एका सुरात बोलू लागले, की त्यांच्याखाली हळूच काहीतरी हलतं.

म्हणून सांगतो मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण उद्या अशाच कुठल्या टेबलाशी बसाल, आणि तुम्ही गप्प असताना तुमच्या जागेवरून होकार जाईल, तर तिथे तळहात ठेवा. आतून धडक बसेल. हात उचलू नका.