पासष्ट अंश

टेबलावर फॅट मोजायच्या चोवीस काचनळ्या होत्या. दोन नळ्यांवरचे आकडे पुसलेले, म्हणजे कामाच्या बावीस. नळ्या फिरवायचं यंत्र एक. पाणी तापवायचं भांडं एक. त्याचा हीटर नोव्हेंबरातच जळालेला, नव्यासाठी तीन अर्ज देऊन झालेले. टेबलाखाली चुडामणने घरून आणलेला रॉकेलचा स्टोव्ह. आणि ज्या खुर्चीवर तो तीनशे छप्पन्न दिवस बसला होता, तिच्यावर आज पंडित बसला होता.

"चेअरमनसाहेबांचा भाचा," दूध केंद्राचे मॅनेजर सुकदेवनाना म्हणाले. "ऑर्डर त्याची निघाली. कायम."

चुडामणला एकोणनव्वद दिवस कामावर घेत, नव्वदाव्या दिवशी घरी बसवत; मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे कायम करण्याचा प्रश्नच उरत नसे. असे चार फेरे झाले होते. आज ब्रेकच्या दिवशीही बोलावणं आलं, तेव्हा त्याला वाटलं, कायम झाल्याचा कागद आपलाच आला. देवपुरातल्या खोलीत आई रोज विचारायची, "कागद उना का रे?"

"नाना, जाहिरातीत अनुभव मागितला होता."

"मग दे ना त्याला अनुभव! आठ दिवस शिकव. पुढे तुझं बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. आणि आज तुझा ब्रेक आहे. रजिस्टरला हात लावू नको."

नाना गेल्यावर पंडित हळूच म्हणाला, "दादा, मला खरंच काही येत नाही. माझं बॉटनी. तेही थर्ड क्लास."

चुडामणने शिकवलं. आधी ॲसिड, मग दूध, मग अल्कोहोल. बूच लावून हलवायचं, यंत्रात पाच मिनिटं फिरवायचं. इथवर सगळं सांगितलं. नळी पासष्ट अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून मगच वाचायची, हे मात्र सांगितलं नाही. जानेवारीची सकाळ होती. गार नळीत फॅटचा थर आकसतो, आकडा कमी दिसतो. चार दिवस कमी आकडे लागले की लोक केंद्र डोक्यावर घेतील, मग नानांना चुडामण आठवेल. त्याने पायाने स्टोव्ह आणखी आत सरकवला.

सतरावी नळी पंडितने डोळ्यांसमोर धरली. "पाच पूर्णांक नऊ." मग खिडकीतून हाक मारली, "तानुबाई, कॅन परत न्या. म्हशीचं दूध सहाच्या खाली चालत नाही."

"पाच?" तानुबाईने तोंड खिडकीच्या गजांशी आणलं. "अरे, आते सकायले काढेल शे. थेंबभर पानी टाकेल नही."

"तानुमाय, म्हसले पानी कमी पाज!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. रांग हसली.

तानुबाईला चुडामण दिसला. "भाऊ, तू आठेच शे ना? मंग तू देख ना. वरीसभर तूच देखस. मनं दूध कधी सहाना खाले गयं का?"

"आज माझा ब्रेक आहे."

"तो काय ऱ्हास?"

तिचा हात अजून कॅनच्या कडीवर होता. ती कॅन उचलत नव्हती.

चुडामणने खाली वाकून स्टोव्ह ओढला. पंप मारला, काडी लावली, भांडं चढवलं, पाण्यात थर्मामीटर सोडला. चाळीस. पन्नास. साठ.

"दादा, हे काय?"

"शेवटची पायरी. सांगायची राहिली होती."

पंडितने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "राहिली होती?"

"आधीच्या सोळाही पाण्यात ठेव," चुडामण म्हणाला. "पासष्टला पाच मिनिटं. दर वेळी. घड्याळ लावून."

पासष्टला सतरावी नळी पाण्यात गेली, पाच मिनिटं घड्याळावर मोजली. मग चुडामणने नळी पुसली आणि पंडितच्या हातात दिली. पेनला तो शिवला नाही. पंडितने नळी उजेडात धरली, रजिस्टरातला जुना आकडा खोडला आणि शेजारी नवा लिहिला.

नमुना सतरा. सहा पूर्णांक एक.